मॉरिशस : आई-बाबांना घेऊन जायचंय, बीच सोडून काय बघावं?

मनीषनगरकर :
नमस्कार मंडळी. यंदा आई-बाबांना मॉरिशसला घेऊन जाऊन राहिलो. एजंटनं जो कार्यक्रम पाठवला त्यात रोज एक बोट आणि एक बीच. पॅरासेलिंग, समुद्राच्या तळाशी चालणं, असंच सगळं. दोघांनाही पाण्यात उतरायचं नाही. आईचे गुडघे दुखतात, ती पक्की शाकाहारी आणि एकादशी न चुकवणारी. बाबा म्हणजे अजब बंगल्यात, आपल्या नागपूरच्या संग्रहालयात, एकेका शिलालेखापुढे अर्धा अर्धा तास उभे राहणारे. तिथली माणसं, सण, खाणं जवळून बघायचं असेल तर कुठे जावं? तिथे मराठी लोक आहेत म्हणतात, ते खरं का? तारखा अजून ठरल्या नाहीत.

अजनीची काकू :
खरं आहे. आणि तारखा ठरल्या नाहीत हे फारच बरं झालं. गणपतीत जा!

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. मात्र ती बहुतेक वर्षी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते आणि विसर्जनाची गर्दी त्या दिवशी असते. २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्टला गणपती बसले, तिथे सुट्टी २८ ला होती. तिकीट काढण्याआधी त्यांची सुट्ट्यांची यादी बघून घ्या. आपल्याला तर हे सोयीचंच. तान्हा पोळा आणि मारबत हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे आपले नागपुरी सण आटोपून निघालात तरी चतुर्थीच्या आत पोचता.

तिथले मराठी लोक मुख्यतः कोकणातून गेलेले, ऊसमळ्यांवर मजूर म्हणून. आज घरात क्रेओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतात, देवापुढे मात्र मराठी. शाळेत मुलांना मराठी विषय घेता येतो. आम्ही विसर्जनाला नदीकाठी उभे होतो तेव्हा झाकरी चालली होती. झाकरी म्हणजे कोकणातली जाखडी. मधे ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती गोलात तरुण पोरं, पायात चाळ. एक पाय आपटला की सगळा गोल एकदम वाकायचा. गाणं मराठीत, आणि कडवं संपलं की एकमेकांना सूचना क्रेओलमध्ये. माझ्या शेजारच्या आजींना माझी वाक्यं धड कळत नव्हती, पण आरती सुरू झाली आणि त्यांचा एकही शब्द अडखळला नाही. मला तिथे रडू आलं. पाचसहा पिढ्या समुद्रापार राहून एवढं जपणं सोपं नाही हो.

आईंना कास्काव्हेलला न्या. पश्चिमेला, फ्लिक-आं-फ्लाकच्या जवळच. तिथे विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. टॅक्सीवाल्याला देऊळ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो त्याच नावाच्या मॉलपाशी उतरवेल.

बाबांसाठी राजधानी पोर्ट लुईचा अख्खा दिवस ठेवा. सकाळी आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर तिथे आले, आणि पुढच्या काही दशकांत साधारण साडेचार लाख माणसं याच बंदरात उतरली. २००६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जागा लहान आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, मजुरांना ठेवायच्या शेडचे अवशेष, दवाखान्याचा भाग. घाईचे लोक पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. बाबांना घाई करू नका. मजुरांच्या नोंदवह्यांत नाव, गाव, जहाज, उंची, अंगावरची खूण असं सगळं लिहिलेलं असे. त्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. घाटाशेजारच्या माहिती केंद्रात हा सगळा इतिहास नीट मांडलाय.

डोडो या नामशेष झालेल्या पक्ष्याचा सांगाडा बघायचा असेल तर निसर्ग इतिहास संग्रहालय तिथून फार लांब नाही.

खामल्याचा खवय्या :
भाऊ, काकूंनी सगळं सांगितलं, खाण्याचं राहिलं. आईंची काळजी सोडा. पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटच्या आसपास दालपुरी मिळते. पुरणपोळी समजा, फक्त गूळ नाही. शिजवून वाटलेल्या डाळीचं सारण, पोळी इतकी मऊ की हातातच लोंबते. दोन पुऱ्या एकावर एक, त्यात पांढऱ्या वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, वरून मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. मिरची आपल्या तर्रीवाल्यांनाही जाणवेल, आईंसाठी कमी सांगा. गातो पिमां म्हणजे डाळीचे छोटे वडे, तेही शाकाहारी. वर गार आलुदा प्या, दूध आणि सब्जा. त्यात प्राण्यांपासूनचं जिलेटिन नाही ना, समुद्री शेवाळाचं आगर आहे, हे आईंसाठी विचारून घ्या. रविवारी मार्केट दुपारीच आटोपतं, तो दिवस टाळा.

त्रिमूर्तीनगर :
हॉटेलात जेवणानंतर झगमगीत घागऱ्यांचा सेगा, म्हणजे तिथला गाण्यावरचा नाच, दाखवतात. तो बघा, पण समाधान मानू नका. गुलामांनी जपलेला जुना सेगा रावान नावाच्या मोठ्या डफावर चालतो. २०१४ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त वारशात घेतलं. वाजवणारा आधी ते बकऱ्याचं कातडं जाळावर धरतो, बोटानं टकटक करून ऐकतो, पुन्हा धरतो. आवाज चढला की मगच सुरुवात. नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवरून फारसे उचलतच नाहीत. हॉटेलबाहेर कुठे कार्यक्रम आहे का, हे तिथल्या लोकांना विचारा.

ल मोर्नचा डोंगर खालून बघा, चढायची गरज नाही. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपत, म्हणून तो २००८ पासून वारसास्थळ आहे. पायथ्याशी स्मारक आहे. गंगा तलावही आईंना आवडेल, काठावर ३३ मीटर उंच महादेव आहे. तिथे उंचीमुळे वारा बोचरा असतो, सप्टेंबरातही स्वेटर ठेवा.

मनीषनगरकर :
मंडळी, मनापासून धन्यवाद! बाबांनी आत्ताच सुट्ट्यांची यादी काढायला घेतली. काकू, एकच विचारायचं होतं. अनोळखी लोकांच्या गणपतीत आम्ही असं शिरलेलं चालेल का? काही न्यावं का?

अजनीची काकू :
चालेल. पण आधी देवळात जा, आरतीला बसा, ओळख होऊ द्या, मग विसर्जन कुठे, किती वाजता ते विचारा. फोटो विचारूनच काढा. त्यांच्या मराठीची परीक्षा घेऊ नका, हिंदी बऱ्याच वडीलधाऱ्यांना कळते. नागपूरची संत्री मात्र नेऊ नका, ताजी फळं न्यायला परवाना लागतो. शाळकरी मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तकं न्या. मोठ्या टायपातली, चित्रांची. आपल्या बर्डीच्या बाजारात भरपूर मिळतील.