कुटुंबाचा ग्रुप, जानेवारी २०२४: आयोवाचे तिसरे शून्य

पुण्याचे काका: ऑरलँडोचा सिट्रस बाउल, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा मोसमाअखेरचा सामना, मी मध्यरात्र उलटून गेल्यावरही जागून पाहिला. टेनेसी ३५, आयोवा शून्य. तू आयोवा सिटीला शिकायला गेल्यापासून आमच्या घरी हा संघ आपलाच मानला जातो, म्हणून विचारतो: मोसमात दहा सामने जिंकणाऱ्या संघाला चेंडू पुढे नेता येऊ नये, हे कसे?

पुतण्या, आयोवा सिटी: काका, चार पराभवांचे आकडे एकत्र पाहा. पेन स्टेटकडून ३१-०, मिनेसोटाकडून १२-१०, मिशिगनकडून २६-० आणि आता ३५-०. म्हणजे समोरच्यांचे १०४ गुण आणि आपले १०. आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या ब्रायन फेरेंट्झ यांच्या करारात फेब्रुवारी २०२३ मध्ये सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट घातली गेली होती, आणि बचावफळीने मिळवलेले गुणही त्यात धरले जाणार होते. तरीसुद्धा १४ सामन्यांत २१६ गुणच झाले.

पुण्याचे काका: मिनेसोटाविरुद्ध आपल्या कूपर डीजीनने पंट (समोरच्यांनी लाथेने दूर टोलवून दिलेला चेंडू) परतवून केलेला टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण) पंचांनी रद्द केला नसता, तर तो सामना आपलाच होता.

पुतण्या, आयोवा सिटी: मान्य आहे, पण तो टचडाउनसुद्धा आक्रमणाचा नव्हता.

नागपूरची आत्या: चार संधींत १० यार्ड न्यायचे, एवढे मला कळते. मग तिसऱ्या संधीला आठ यार्ड हवे असताना तीन यार्डांवर उभ्या असलेल्या गड्याकडे चेंडू का फेकतात?

पुतण्या, आयोवा सिटी: आत्या, तुझ्या प्रश्नातच सगळे दुखणे आहे. आमची पद्धत जुनी: पुढची फळी एकदम बाजूला सरकते, धावणारा तिच्या मागून फट शोधतो, आणि त्याच धावेची हूल देऊन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य गडी) टाइट एंडकडे (फळीच्या टोकाला उभा राहणारा, पास झेलणाराही गडी) पास टाकतो. पण धावेतून दोनच यार्ड मिळू लागले की हुलीला कोणी फसत नाही, तिसऱ्या संधीला अंतर लांब उरते, आणि लांब पाससाठी लागणारा वेळ क्वार्टरबॅकला मिळत नाही. मग तोच आखूड पास, आणि पाठोपाठ पंट.

पुण्याचे काका: क्वार्टरबॅक मॅकनमारा सप्टेंबरअखेरीस जायबंदी झाला, लाचे आणि ऑल हे दोन्ही टाइट एंडही गेले. दुखापतींचा दोष योजनेच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

पुतण्या, आयोवा सिटी: काका, यंदापुरते तुमचे बरोबर आहे. पण २०२२ मध्ये लाचे होता आणि आज डेट्रॉइटकडून गाजत असलेला लापोर्टाही होता. तरी साउथ डकोटा स्टेटला आपण ७-३ ने हरवले ते एक फील्ड गोल (लाथेने खांबांमधून चेंडू मारून तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्यांना त्यांच्याच गोलक्षेत्रात अडवून दोन-दोन गुण) यांच्या जोरावर, एकाही टचडाउनशिवाय.

नागपूरची आत्या: आणि मुख्य प्रशिक्षक त्या ब्रायनचेच वडील! आपल्याकडे पेढीवर मुलाला बसवतात, तसेच झाले की हे.

पुतण्या, आयोवा सिटी: नात्याच्या नियमामुळे कागदोपत्री ब्रायनचे वरिष्ठ क्रीडा संचालक होते, वडील नव्हते. मात्र त्याला जाण्याचा निरोप ऑक्टोबरातच मिळाला होता, आणि माझा राग आता त्याच्यावर उरलेलाही नाही. चाली मुलगा ठरवत असला तरी ‘चूक करू नका, पंट करा, बाकीचे बचावफळी पाहील’ हा स्वभाव १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक असलेल्या कर्क फेरेंट्झ यांचा आहे. टोरी टेलर हा आमचा ऑस्ट्रेलियन पंटर (पंट करणारा गडी) अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम ठरला, आणि इथे पंटिंगचे गोडवे गाणारे टी-शर्ट विकले जातात. आम्हीही ते हसत हसत घातले, हे कबूल करतो.

पुण्याचे काका: मग नवा माणूस आल्याने काय बदलणार?

पुतण्या, आयोवा सिटी: सप्टेंबरात आमच्या किनिक स्टेडियममध्ये, मैदानाच्या मध्यावर चौथ्या संधीला एक यार्ड हवा असताना ते पंट करतात का, तेवढेच मी पाहणार आहे.