पैसे मोजून घेतलेल्या सीड्यांची घरी कॉपी काढली तर चोरी कशी काय?

काळाघोडा_कट्टा:
परवा कपाट आवरताना मराठी नाटकांच्या व्हीसीड्यांचा ढीग निघाला, चाळीसेक असतील, पगार झाला की ऱ्हिदम हाऊसमधून एकदोन उचलायचो त्या. निम्म्यांवर आपल्या दमट हवेने बुरशी चढलीय. ऱ्हिदम हाऊस २०१६ लाच बंद झालं, आता परत घ्यायच्या कुठून? म्हणून लॅमिंग्टन रोडवरून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, उरलेल्या सीड्या हार्डडिस्कवर उतरवायला बसलो, तर भाचा म्हणतो मामा हे बेकायदेशीर आहे. अरे माझ्या घरात माझ्या बघण्यासाठी, चोरी कसली?

विंगेतून:
भाचा बरोबर बोलतोय. तुम्ही चकती घेतलीत, नाटक नाही घेतलंत. छत्री हरवली तर दुकानदार दुसरी फुकट देतो का? मी नाटकाच्या बॅकस्टेजला काम करतो, ‘फक्त घरच्यांसाठी’ काढलेली कॉपी चार दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर फिरताना पाहिलीय, त्यातून आम्हाला दमडी मिळत नाही.

बोरिवली_फास्ट:
छत्रीचं उदाहरण गंडलंय. दुसरी फुकट कोण मागतंय, आपलीच फाटायच्या आधी शिवून घेतोय माणूस. आणि कायद्याचंच बोलायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात खाजगी वापरासाठी ‘फेअर डीलिंग’ला, म्हणजे रास्त वापराला, सूट आहे. आधी त्यात सिनेमा आणि ध्वनिमुद्रण नव्हतं, २०१२ च्या दुरुस्तीने तेही आलं. सॉफ्टवेअरचं पोटकलम वेगळं, तिथे तर बॅकअप कॉपी असं सरळ लिहिलंय, हरवणं-खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून.

विंगेतून:
बघा, तुम्हीच बोललात! बॅकअप शब्द सॉफ्टवेअरलाच दिलाय. नाटक-सिनेमाला द्यायचा असता तर लिहायला शाई संपली होती का? अख्खीच्या अख्खी कॉपी ‘फेअर’ कशी, हे कोर्टात सांगावं लागेल. वर कलम ६५अ, कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप तोडलं की दोन वर्षांपर्यंत आत.

बोरिवली_फास्ट:
अर्धंच वाचलंत राव. हक्क मोडायच्या इराद्याने तोडलं तर. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर त्याच कलमात सूट आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात मात्र डिस्क तुमची असली तरी कुलूप तोडणंच बेकायदेशीर, तिकडचे व्हिडिओ बघून भाचे इकडे मामांना घाबरवतात. आणि मुळात व्हीसीडीला कुलूप असतंच कुठे, ते डीव्हीडीला असतं.

चहा_कमी_साखर:
ब्रिटनमध्ये २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने स्वतःपुरती कॉपी चालेल म्हटलं आणि २०१५ च्या जुलैत हायकोर्टाने ते उडवलं, कारण कलाकारांना भरपाई न देता चालेल हे सरकारला नीट पटवता आलं नाही. जर्मनीत पेनड्राइव्ह वगैरेच्या किमतीतच कलाकारांचा वाटा घेतात. विंगेतून, असं काही इथे आलं तर चालेल का?

विंगेतून:
वाटा खरंच आमच्यापर्यंत आला तर पळेल. मधल्यामध्ये गायब होणार नाही याची खात्री कोण देणार?

काळाघोडा_कट्टा:
म्हणजे माझ्यापुरतं ठीक दिसतंय, हुश्श. फक्त नाशिकच्या ताईला गणपतीत पेनड्राइव्हवर दोन नाटकं भरून दिली होती, ते?

विंगेतून:
😂 आणि ताईने कुणाला दिली?

काळाघोडा_कट्टा:
तिच्या भिशीच्या ग्रुपला.