मदत हवी आहे: कॅव्हर्नोमाच्या (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीच्या) ऑपरेशननंतरही फिट येतेय
धाकट्या भावाचं (वय 29) डाव्या टेम्पोरल लोबमधल्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) कॅव्हर्नोमाचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, एमआरआयमध्ये गाठ पूर्ण निघालीये पण कडेचा हिमोसिडेरिनचा (जुन्या रक्तस्रावातून साचलेल्या लोहाचा) डाग थोडा राहिलाय म्हणाले. मोठी फिट बंद झालीये, पण बोलता बोलता नजर थिजते, ओठ चाटत बसतो, नंतर विचारलं तर काही आठवत नाही. लेव्हेटिरासेटाम (फिटची गोळी) 1000 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ चालूए, डोस चुकत नाही, जागरण-दारू काही नाही. 1500 केलं तर एवढा चिडायला लागला की जेवणाचं ताट भिरकावलं, म्हणून डॉक्टरांनीच परत कमी केलं. साधा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल (त्यावरून काही ठरत नाही म्हणा). गोळी मनाने बदलणार नाहीये, पुढच्या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडे जायचंय. कुणाला ब्रिव्हारासेटाम किंवा लॅकोसामाइडवर (फिटच्या दुसऱ्या गोळ्या) गेल्यावर फरक पडला का, आणि आधी व्हिडिओ ईईजी (ईईजी चालू असताना पेशंटचं चित्रीकरणही) करून घ्यायला सांगू का?