मदत हवी आहे: स्टोनर डूमचा (संथ, जड मेटल) रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) बँडमध्ये ऐकूच येत नाही

गिटार सी स्टँडर्डला (सगळ्या तारा नेहमीपेक्षा चार अर्धस्वर खाली) उतरवली आहे, तारा मात्र १०-४६ च्याच (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). बिग मफ या फझ पेडलचा (आवाज खरखरीत करणारं) सस्टेन पूर्ण, ॲम्पवर बास (खालचा पट्टा) ८, मिड (मधला पट्टा) ३. एकटी गिटार वाजते तेव्हा आवाज दणदणीत, पण ड्रम आणि बास गिटार आले की रिफ गायब. जाड तार छेडली की सूर आधी चढा लागतो, मग खाली येतो. शिवाय शब्दांत काळी जादू आणायची आहे, पण लिहिलं की भुतांची जत्रा वाटते. लय ७० बीपीएम (मिनिटाला ठोके). काय बदलू?

मंद्रषड्ज:
आधी तारा. चार अर्धस्वर उतरवल्यावर त्याच तारेचा ताण साधारण ३७ टक्के घटतो. सैल तार जोरात छेडली की ताणली जाते आणि सूर चढतो. पहिला ताण परत हवा तर जाडी सव्वापट लागते, म्हणजे ४६ च्या जागी ५८ च्या आसपास. १२-६० चा सेट बसवा. नटची (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) खाच रुंद करून घ्या, खोल नको, नाहीतर तार अडकून ट्यूनिंग हलत राहील. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) ताडून पाहा. चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) नटपासून लांब सरकवा.

रिफ हरवण्याचं कारण वेगळं आहे. बिग मफ १००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा खातो, आणि गर्दीत गिटार ओळखू येते ती तिथेच. त्यात तुमचा मिड ३. बास ४, मिड ७, सस्टेन निम्म्यावर आणा. एकट्याने वाजवताना हा आवाज किरकोळ वाटेल. वाटू द्या, कान बँडमध्ये लावायचा. तरी कमी पडलं तर फझनंतर ट्यूब स्क्रीमर (मिड वाढवणारं ओव्हरड्राइव्ह पेडल) लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर.

तीव्रमध्यम:
रिफमधले स्वरही तपासा. फझमध्ये सा-प टिकतो, गंधार मिसळला की चिखल होतो. सा आणि तीव्र मध्यम एकत्र छेडले तर आवाज घरघरतो, म्हणून एकामागून एक घ्या. ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बममधलं शीर्षकगीत असंच आहे: जी, वरच्या सप्तकातला जी, मग सी शार्प (जी हा सा धरला तर तीव्र मध्यम). तीनच स्वर, आणि प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा.

त्याच गाण्यात शब्दांचंही उत्तर आहे. तिथे समोर काळी आकृती उभी आहे आणि गाणारा भ्यालेला आहे. तो मंत्र म्हणत नाही. सैतानांची नावं गोळा केली की भीती पातळ होते. एकच दृश्य धरा. ७० च्या लयीत चार मात्रांचे चार बार जवळपास १४ सेकंद घेतात, तेवढ्यात एक ओळ पुरे.

धागाकर्ता:
बासलाही फझ लावायचा आहे. चालेल?

मंद्रषड्ज:
चालेल, पण स्वच्छ सिग्नल सोबत ठेवा. बासची खालची सी ३२.७ हर्ट्झची, नुसत्या फझमध्ये तिचा पाया विरतो. ब्लेंड नॉब (स्वच्छ आणि फझचा आवाज मिसळणारा) असलेला फझ घ्या आणि निम्म्यापासून सुरुवात करा. गिटारचा फझ बंद करून आधी बास आणि किक ड्रम जुळवा.