मदत हवी आहे: लग्न न करता एकत्र राहतो, माझ्या डोक्यावरच्या छपरासाठी कोणते कागद करावेत?

नमस्कार मंडळी,

मी 63 वर्षांची, माझे सहचर 70 चे. दोघांचेही जोडीदार वारलेले. 2016 पासून पुण्यात त्यांच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये एकत्र राहतो. लग्न करायचं नाही हे आम्ही विचार करूनच ठरवलंय, तेव्हा "रजिस्टर करून मोकळे व्हा" हा सल्ला कृपया नको.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश संबंध येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात घातलेल्या निकषांतही आम्ही बसतो: सज्ञान, लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, बरीच वर्षं एकत्र, चारचौघांत नवरा-बायकोसारखा वावर. पण हा कायदा छळ झाला, घराबाहेर काढलं तर उपयोगी. आमचं भांडण नाहीच. मला काळजी आहे ती त्यांच्या पश्चात काय, याची. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट थेट मुलगा आणि मुलीकडे जाईल, मी वारसांत कुठेच नाही. मुलं वाईट नाहीत. पण दिवाळीत सुनेने "पुढे काकू कुठे राहणार?" असं सगळ्यांसमोर विचारलं आणि कोणीच उत्तर दिलं नाही.

बक्षीसपत्राचा विचार केला. बायकोला किंवा मुलांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, मला दिलं तर खरेदीखतासारखं पूर्ण. शिवाय आयकर कायद्याच्या लेखी मी 'नातेवाईक' नाही, म्हणजे फ्लॅटची किंमत माझ्या उत्पन्नात धरली जाणार. मृत्युपत्राने मिळालं तर हा कर लागत नाही. सोसायटीत माझं नामनिर्देशन केलंय, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही आता कळलंय.

म्हणून मृत्युपत्रच करायचंय: मला हयातभर राहण्याचा हक्क, माझ्यानंतर फ्लॅट मुलांचा. मला मालकी नकोच आहे. मी असेपर्यंत मुलांना फ्लॅट विकता येऊ नये यासाठी मजकूर कसा असावा? मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक घरातला नेमावा की बाहेरचा? नोंदणीच्या वेळी डॉक्टरांचा दाखला जोडावा का?

दुसरं दवाखान्याचं. मागच्या वर्षी त्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'सहचारिणी' लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत सरकवला, "रक्ताचं कोण आहे?" नाशिकहून मुलगा येईपर्यंत मी फाइल मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांच्या गोळ्या, वेळा, कशाची अ‍ॅलर्जी, सगळं मला पाठ. मुलाला फोनवर मीच सांगत होते. मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 प्रमाणे कुठल्याही सज्ञान व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येतं. इतर आजारांत दवाखाने मानतील असा एखादा कागद कोणी केलाय का? वैद्यकीय इच्छापत्र (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) 2023 पासून नोटरीसमोरही करता येतं, त्यात त्यांच्या वतीने निर्णय घेणारी म्हणून माझं नाव चालतं का?

पुण्यात अशी मृत्युपत्रं केलेले वकील माहीत असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे, त्याआधी सह्या व्हायला हव्यात.