विमानतळावर कागद, सामान आणि डोकं जागेवर कसं ठेवता? अनुभव लिहा

निळीशाई
आज कपाट आवरताना आईचा गळ्यात अडकवायचा कापडी बटवा सापडला. बाबा गेल्यावर ती एकटीने विमानप्रवास करायला लागली, तेव्हा तिने तो घरीच शिवला होता. पुढच्या कप्प्यात पासपोर्ट आणि बोर्डिंग पास, मागच्यात वाचायचा चष्मा आणि आमचे फोन नंबर लिहिलेला कागद. कागद दाखवून झाला की पुढचं पाऊल टाकायच्या आधी तो बटव्यात परत जायचा. मागे कितीही रांग असो, चेन लावल्याशिवाय ती हलायची नाही. तिच्यासोबत असताना "अगं पासपोर्ट कुठंय?" हा प्रश्न कधी पडलाच नाही. विमानतळावर निम्मी दमछाक शोधाशोधीत होते, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरात कोणाची काय पद्धत आहे? बारीकसारीक सगळं लिहा.

रानवारा
किती छान आठवण! पण बटवा सिक्युरिटीला काढावा लागत असेल ना? खरी गडबड तिथेच होते. मी रांगेत उभं राहायच्या आधीच घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे, पट्टा सगळं पाठीवरच्या बॅगेच्या एकाच कप्प्यात टाकते. ट्रेमध्ये सुटं काही नाही. पासपोर्टची बॅग सगळ्यात शेवटी सरकवायची आणि लगेच आपण पलीकडे जायचं. आणि पलीकडे पट्ट्यापाशीच बूट घालत बसू नये. सगळं उचलून बाकावर न्यावं, मग निवांत आवरावं. लोकांचे लॅपटॉप राहतात ते याच घाईत.

निळीशाई
हो, आई बटवा पर्समध्ये टाकून पर्स ट्रेमध्ये ठेवायची. शेवटी सरकवायचं लक्षात ठेवते.

चिमणपाखरू
वाचनखूण साठवली. बाळ उठलंय, रात्री लिहिते.

जुनाखांब
मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर काम केलं आहे, म्हणून कळकळीने सांगतो. आधीच्या प्रवासाचे टॅग आणि छोटी बारकोडची चिकटपट्टी बॅगेवरून काढून टाका. यंत्राने जुना कोड वाचला तर बॅग भलतीकडे जाते. नवीन टॅग लागला की त्यावरची तीन अक्षरं, म्हणजे आपण जाणार त्या विमानतळाचा कोड, तिथल्या तिथे वाचून घ्या. आणि टॅगची जी पावती मिळते ती जपा! बॅग आली नाही तर त्याच नंबरवर शोध लागतो. अशा वेळी बाहेर पडायच्या आधीच तिथल्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात, 1999च्या माँट्रियल कराराप्रमाणे, बॅग खराब झाली तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा मिळाली तर 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

मोगरा
बॅग द्यायच्या आधी तिचा फोटो पण काढा. रंग विचारतात तेव्हा ऐनवेळी काही सुचत नाही.

सांजवेळ
काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून वजन कमी करणारं कुटुंब बघितलं की जीव तुटतो. घरीच वजन करा हो. आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत नको, ती सोबतच हवी. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये लगेच लक्षात येतं, विझवता येतं. खाली सामानात अवघड. साधारण 100 वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) चालते. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74च्या आसपास भरते.

रानवारा
@सांजवेळ हे वॅट-अवर कुठे लिहिलेलं असतं?

सांजवेळ
पॉवर बँकेवरच, बारीक अक्षरात. पुसलं गेलं असेल तर अडवू शकतात.

दूरदेशी
हातातल्या बॅगेत द्रव पदार्थांची बाटली 100 मिलीपेक्षा मोठी नको, हा नियम 2006 साली आला, ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर. काही विमानतळांवर नवीन स्कॅनर आल्याने तो सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर जुनाच असू शकतो. आणि बाटलीवरचा आकडा बघतात, आत किती उरलंय ते नाही. 200 मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी थोडंसं असलं तरी ती काढून घेतात.

मोगरा
@निळीशाई बटव्याचं कापड कोणतं आहे? सासूबाईंसाठी शिवायचा आहे.

निळीशाई
जाड सुती. आतून अस्तर आहे, दोरी रुंद घे म्हणजे मानेला काचत नाही.

चिमणपाखरू
आले परत. लहान मुलं असतील तर एकाच मोठ्या माणसाने कागद सांभाळायचे आणि दुसऱ्याने फक्त मुलं. अर्धे तुझ्याकडे, अर्धे माझ्याकडे असं केलं की घोळ झालाच. आमची थोरली ट्रे मोजते, "चार गेले, चार आले" असं मोठ्याने सांगते. तिला फार अभिमान आहे त्या कामाचा 😊

जुनाखांब
@चिमणपाखरू शाब्बास तिची!

पायवाट
गेटचं कोणी लिहिलं नाही. बोर्डिंग पासवरचा गेट बदलू शकतो, त्यामुळे बसल्या जागेवरून फलक दिसेल असं बसायचं. सुटायची वेळ आणि गेट बंद व्हायची वेळ वेगळी असते, मी दुसरीचाच गजर लावतो.
बाबांना विसराळूपणाचा आजार होता. त्यांच्यासाठी व्हीलचेअर 48 तास आधी सांगून ठेवायचो. ते चालू शकत होते, पण गर्दीत बावरायचे. व्हीलचेअरसोबत मदतनीस यायचा, तोच सगळीकडून पुढे न्यायचा, आणि मला बाबांचा हात धरून चालता यायचं. नुसतं "चालता येतं ना" म्हणून ही मदत टाळू नका.

रानवारा
@पायवाट 🙏 माझ्या आत्याला हेच हवंय. उद्याच फोन करते.

अबोली
आईचं इन्सुलिन कुठे ठेवू? पुढच्या आठवड्यात निघतोय.

दूरदेशी
@अबोली हातातल्या बॅगेतच. खाली सामानात गोठू शकतं, आणि गोठलेलं वापरायचं नसतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव आणि तपासणीला आपणहून सांग. पेन, सुया, औषध एकाच पारदर्शक पिशवीत असू दे.

अबोली
आभार! चिठ्ठीवर आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहून घेते मग.