माळावर गाणारे पक्षी यावेत म्हणून कोणती झाडं लावू? मदत हवी आहे

माळावरची_वस्ती
घरामागं मोकळी जागा आहे. गाणारी पाखरं यावीत अशी बाग करायची आहे, झाडं आपल्याकडचीच हवीत. रोपवाटिकेतून आणलेले पाम आणि क्रोटन उन्हानं करपले. तिथला माणूस म्हणतो पाणी कमी पडलं. आणू कुठून? मृगाआधी खड्डे घ्यायचेत, नावं लवकर सांगा.

येरळाकाठ
दादा, गाव कुठलं? जागा किती? महाबळेश्वरही साताऱ्यातच आणि म्हसवडही साताऱ्यातच, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक.

माळावरची_वस्ती
जत तालुका, सांगली जिल्हा. पाच गुंठे.

जुना_माळी
मुरूम का काळी? कुंपण आहे का? शेळ्या येत असतील तर बोरीचं रोप एका दिवसात साफ होईल.

बागाईतदार
पाच गुंठ्यांत ड्रॅगन फ्रूट लावा. पाणी कमी लागतं, दोन पैसे तरी मिळतील.

माळावरची_वस्ती
पैशासाठी नाही ओ. मुरूम आहे, हातभर खाली खडक. शेळ्या येतात. पाणी उन्हाळ्यात टँकरचं.

हिरवं_घर
गुलमोहर लावा, पटकन वाढतो. आणि लाकडी घरटी टांगा, आमच्याकडं चिमण्या लगेच आल्या.

येरळाकाठ
गुलमोहर मादागास्करचा, त्यांनी आपल्याकडचीच झाडं मागितलीत. पेटीत चिमणी, दयाळ राहतील. बुलबुल आणि फुलातला मध पिणारा इवला शिंजीर पेटीत शिरतसुद्धा नाहीत. शिंजीर कोळ्याच्या जाळ्यानं घरटं विणून काटेरी फांदीला लोंबतं ठेवतो.
दादा, कडेनं तरवड लावा, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. आत बोर, हिवर, भोकर आणि नेपती. नेपतीला पानं नसल्यासारखीच, पण ऐन उन्हात लाल फुलं येतात, तेव्हा शिंजीर दिवसभर तिथंच असतो. फळं पिकली की बुलबुल. एक कोपरा कुसळी गवताला सोडा, कापू नका. चंडोल जमिनीवरच घरटं करतो.

हिरवं_घर
गवत सोडलं की साप येतात. लहान पोरं असतील तर?

जुना_माळी
मग कोपरा घरापासून लांब धरा. आणि औषध फवारायचं नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना अळ्या-किडेच भरवते. शेजारी डाळिंब आहे का? फवारणी तुमच्याकडं उडत येते.

माळावरची_वस्ती
पश्चिमेला डाळिंबच आहे. बोलतो त्यांच्याशी. पण पहिली दोन वर्षं रोपं जगवायची कशी?

जुना_माळी
रोपाशेजारी साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. पाणी मुळाशी हळूहळू पाझरतं. बुंध्याला पाचट टाका. पहिला चांगला पाऊस झाल्यावरच रोप लावा, नुसत्या वळवावर भरवसा नको. आपल्याकडं खरा जोर परतीच्या पावसाचा. पाखरांना प्यायला पसरट परळ ठेवा, पाणी दोन बोटंच. एक दिवसाआड धुवा, नाहीतर डास होतात.

बागाईतदार
शेततळ्याचं अनुदान निघालंय का कुणाला ठाऊक आहे?

येरळाकाठ
भाऊ, त्याला वेगळा धागा काढा.

माळावरची_वस्ती
नेपतीचं रोप कुठं मिळेल? तालुक्याला विचारलं, नावच माहीत नाही त्यांना.

येरळाकाठ
रोपवाटिकेत नाहीच मिळायचं. ओढ्याकाठी, पडीक रानात बघा, आत्ता फळं पिकली असतील. गर धुऊन बी लगेच पिशवीत पेरा. ठेवलेलं बी फारसं उगवत नाही.